किनूला टेकडीवर नेण्याआधी

१७ मार्च, मंगळवार. पितरांच्या आठवड्याचा पहिला दिवस

मी कोण लागते, असं मला विचारलं. तेवीस-चोवीस वर्षांचं पोरगं ते. गुडघे जोडून माझ्यासमोर बसतं, मांडीवर वही उघडतं आणि मऊ आवाजात विचारतं, "आपण त्या घराच्या कोण लागता?" माझ्या एका हातात फुलं, दुसऱ्या हातात बोतामोचीच्या गोड लाडवांचा डबा, पाय घोट्यापर्यंत चिखलात. मी म्हटलं, त्या दगडाखाली जी मुलगी आहे तिची मी आई लागते. तर ते वहीत बोट फिरवत म्हणतं, काजितानी घराच्या यादीत आपलं नाव दिसत नाही. नसणारच. बावीस वर्षांपूर्वी सासूनं मला माहेरी धाडलं त्याच दिवशी खोडलं असणार. यादीत नाव नाही म्हणून मी तिला जन्म दिला नाही असं होतं का, महाराज? यावर देवळातल्या या धाकट्या महाराजांनी वही मिटली. चहा आणू का म्हणाले. या गावात कुणाकडे उत्तर नसलं की हिरव्या चहाचा वाडगा पुढे येतो.

नीट लिहायला हवं. आमच्या खानावळीत उतरलेल्या मास्तरीणबाईंनी ही वही दिली तेव्हा बजावलं होतं, इसोयो, राग आधी लिहू नकोस, काय झालं ते आधी लिही.

झालं ते असं. दुपारच्या बसनं आले. मालकीणबाईंनी तीन दिवसांची सुटी दिली आहे, तीही तोंड वाकडं करून, कारण या आठवड्यात गरम झऱ्यावर गर्दी असते. पूल ओलांडला, किल्ल्याच्या खंदकाच्या कडेकडेनं देवळाशी गेले. देवळाच्या मागच्या भिंतीला वळसा घातला की डाव्या हाताला कबरींची तिसरी ओळ, काजितानींचा मोठा दगड, त्याच्या पायाशी गुडघाभर उंचीचा जिझो, लहान पोरांना सांभाळणारा दगडी देव. तो माझ्या किनूचा दगड. डोळे मिटून जाईन. मी वळले तर भिंतच नाही. भिंत नाही, ओळी नाहीत, दगड नाहीत. लाल माती, खुंट्या, खुंट्यांना दोऱ्या, आणि मधोमध रोलर उभा. दोन मजूर त्याच्या सावलीत बसून खात होते. मला वाटलं, चुकीच्या देवळात आले. परत पुढच्या दाराशी गेले. दारातलं वाकडं पाइनचं झाड पाहिलं. तेच झाड. पुन्हा मागे आले. रोलर होताच.

मजुराला विचारलं, इथली मंडळी कुठे गेली? तो म्हणाला, टेकडीवर, काकू. रस्ता रुंद होतोय. मी म्हटलं, ऑलिंपिक तिकडे तोक्योत होणार आणि रस्ता इथे कशाला रुंद करता? तो म्हणाला, आता सगळीकडेच रुंद होतात. भला माणूस होता. मी मटकन खाली बसले तर स्वतःची घोंगडी माझ्याखाली सरकवली.

धाकट्या महाराजांनी वहीतून वाचून सांगितलं. घरोघरचे लोक आले आणि आपापल्या अस्थी टेकडीवरच्या नव्या जागेत घेऊन गेले. काजितानी घराचे तीन कलश नोव्हेंबरात गेले. तीन. मी बोटांवर मोजलं. सासरा, सासू, पाच वर्षांपूर्वी गेलेला तो, म्हणजे माझा एकेकाळचा नवरा. झाले तीन. चौथी किनू. चौथीचं काय? महाराज म्हणाले, ज्यांचं कुणी आलं नाही त्यांचे दगड मागच्या अंगणात एकत्र रचले आहेत, त्यांच्यासाठी रोज मंत्र म्हणतो.

कुणी आलं नाही म्हणजे काय. मी वर्षातून तीनदा येते. बावीस वर्षं येते.

रात्री सेकीताईकडे, माझ्या थोरल्या बहिणीकडे. ती तळ्याच्या काठी राहते, दाजी तळ्यातून तिसऱ्यांचे शिंपले काढतो, ती निवडते. मी दारातच बोलायला लागले तर म्हणाली, "आधी खा, मग भांड." तिसऱ्यांचं सूप प्यायले. चव लागली नाही.

१८ मार्च

सकाळी दाजी होडी घेऊन गेल्याबरोबर मी देवळात. एकत्र रचले म्हटल्यावर मला वाटलं होतं, असतील दहा-पंधरा. तीनशे दगड आहेत. खाली मोठे, वर लहान, पायऱ्यांसारखे चढवलेले, तोंडं बाहेर केलेली. सेकीताईच्या अंगणात टरफलांचा ढीग असतो तसा. नुसते लहान जिझोच पन्नास-साठ. आमच्याकडचा दगड मऊ, दहा हिवाळे गेले की नाक झिजतं, वीस गेले की चेहराच राहत नाही. किनूच्या जिझोला नाक नव्हतं आणि डाव्या खांद्याचा टवका गेला होता. पण इथे नाक कुणालाच नाही. मी एकेकाच्या तोंडावरून हात फिरवला. प्रत्येकाला म्हटलं, तू नव्हेस. पोरांना असं म्हणणं बरं नाही हे मलाही कळतं, पण दुसरं काय म्हणणार.

धाकटे महाराज मधेच येऊन शिडी ठेवून गेले. मग स्वतःच शिडी धरून उभे राहिले. दुपार झाली. माझी नखं तुटली. किनू नाही.

खाली उतरले तेव्हा महाराज म्हणाले, देवळाची चूक झाली असं आपल्याला वाटू नये. आम्ही मे ते ऑक्टोबर सूचना लावली होती. मी फाडकन म्हटलं, कुठे लावली होती? मी जुलैत आले होते, सप्टेंबरात आले होते, मला डोळे आहेत. ते कोठीत गेले आणि एक फलक घेऊन आले.

तो मी ओळखला.

हातभर रुंद, पांढरा रंग, वर काळी मोठी अक्षरं, खाली लाल शिक्का. जुलैत तो किनूच्या शेजारी रोवलेला होता. मला वाटलं होतं देणगी देणाऱ्यांची नावं आहेत. देवळात दुसरं काय लिहितात. मला शाळा तीन इयत्ता, पुढे लोकांची पोरं पाठीला बांधून वाढवली. साधी अक्षरं येतात, ही वही मी त्यांतच लिहिते. मोठी अक्षरं, एकेका शब्दाला एकेक चित्र काढल्यासारखी, ती मला येत नाहीत. आंघोळीच्या जागी बायकांचं दार कुठलं आणि पुरुषांचं कुठलं एवढं ओळखते, आकडे येतात, किनूचं नाव येतं. बास.

सप्टेंबरात काय केलं ते लिहिते. कुणाला सांगणार नाही, म्हणून लिहिते. वाऱ्यानं तो फलक उन्मळून किनूच्या दगडावर कलंडला होता. मी तो ओल्या फडक्यानं पुसला. चांगला लख्ख पुसला, पाखरांची घाण नखानं खरवडली. आणि पुन्हा पडू नये म्हणून माझ्या एप्रनचा एक बंद फाडला आणि फलक तिच्या दगडाला घट्ट बांधून टाकला. दोन गाठी मारल्या. मग फुलं ठेवली, हात जोडले, बसनं परत गेले. जाताना मनात म्हटलंसुद्धा, आज देवळाचं एक काम केलं.

महाराजांनी मी विचारलं नसताना तो वाचून दाखवला. मला वाटतं त्यांना समजलं. या ओळीतल्या कबरींचे जे कुणी आप्त असतील त्यांनी ऑक्टोबरअखेर देवळात कळवावं, न कळवल्यास. पुढचं मी ऐकलं नाही. कानात नुसता रोलर. मी मान हलवली. हे तर मला माहीतच होतं, अशी हलवली.

१९ मार्च

पोस्टातून मालकीणबाईंना फोन. अजून चार दिवस येत नाही म्हटलं. त्या ओरडल्या. मी ठेवून दिला.

दिवसभर सेकीताईबरोबर तिसऱ्या निवडल्या. मेलेली तिसरी दुसरीवर आपटली की बद्द वाजते. आज मला सगळ्याच बद्द वाजत होत्या. ताईनं चाळणी हातातून काढून घेतली.

२० मार्च. मधला दिवस

काजितानींच्या दुकानात जाऊन आले. दोन तास झाले त्याला.

आज दिवस-रात्र सारखे, सगळं गाव कबरींवर नाहीतर मिठाईच्या दुकानात. काजितानींकडे रांग रस्त्यापर्यंत. बावीस वर्षांत मी त्या गल्लीत पाऊल टाकलं नव्हतं. बस तिथून जाते तेव्हाही मी तोंड तळ्याकडे करून बसते. आज रांग सोडून सरळ आत गेले. मागून कुणी म्हणालं, बाई, रांग आहे. म्हटलं, मी गोड घ्यायला आले नाही.

शिगेनो समोरच होती. सवत म्हणावं तर तीही नव्हे, मला घालवल्यावर वर्षभरानं तिला आणली. जवळून मी तिला कधीच पाहिलं नव्हतं. मनात मी ती गोरी, भरल्या अंगाची, सोन्याचा दात असलेली अशी करून ठेवली होती आणि त्या बाईशी वर्षानुवर्षं भांडत होते. ही काटकुळी, हात पिठानं पांढरे, केस त्याहून पांढरे. माझ्याहून चार वर्षांनी लहान ना ही? तिनं मला पाहिलं आणि बांधायला घेतलेला डबा खाली ठेवला.

"इसोयोताई, आत या."

"मला ताई म्हणू नकोस."

"बरं. आत तर या."

तीच पायरी, तीच खोली. सहा वर्षं मी ती जमीन पुसली आहे. चहा नको म्हटलं तरी तिनं केला, तिनं घुसळून फेस काढेपर्यंत मी कशीबशी थांबले. वाडगा घेतला, कारण हातात काहीतरी धरायला हवं होतं. आणि मग सुरू केलं. तीन दिवस घोळवलेलं सगळं. सासऱ्याला नेलंस, नवऱ्याला नेलंस, त्या म्हातारीलाही मानानं नेलंस, आणि माझ्या पोरीला ढिगाऱ्यावर टाकलंस. पाच वर्षांची होती. किती जागा लागत होती तिला? तुला पोर झालं नाही म्हणून तिच्यावर राग काढलास का? हेही बोलले. बोलायला नको होतं ते आधी बोलले.

ती ऐकत राहिली. मी थांबले तेव्हा उठली आणि भिंतीतलं देवघर उघडलं.

"ढिगाऱ्यावर नाही," म्हणाली. "इथे आहे."

भाताच्या वाडग्याएवढा कलश. पांढऱ्या फडक्यात बांधलेला. मागे तिच्या नावाची लाकडी पट्टी, ती मी वाचू शकते. दोन्हींपुढे बशीत साखरेचं फूल, आजचं, ओलसर. बाकीच्या पितरांपुढे मोठी मिठाई होती, हे फूल लहान, पोराच्या तोंडात मावेल एवढं. शेजारी घडी घालून ठेवलेलं लाल लाळेरं. ते मी ओळखलं. जिझोच्या गळ्यात दर वर्षी नवं लाळेरं असायचं आणि मी त्याबद्दल देवळाला हात जोडायची. टाके जवळून पाहिले. देवळातला कुठला पुरुष असे टाके घालणार आहे.

मी पाय पसरून बसले. परक्या घरात, देवघरापुढे, पाय पसरून. तोंडून एवढंच निघालं की टाके चांगले आहेत.

मग तिनं सांगितलं. दगड उचलताना हातातच भुगा झाला, आतापर्यंत तो शेवाळानं धरून ठेवला होता म्हणे. टेकडीवर एका घराला एकच दगड, लहानांना वेगळा लावू देत नाहीत. थोरले महाराज अंथरूण धरण्याआधी तिनं त्यांना विचारलं आणि किनूचा कलश स्वतःच्या हातांनी काढून घरी आणला. धाकट्यांच्या वहीत टेकडीवर गेलेले तेवढे आहेत, किनू अजून गेलेलीच नाही.

"तिला हिवाळ्यात तिकडे पाठवायला मन झालं नाही," म्हणाली. "वर फार वारा असतो. तेवीसला, आठवडा संपताना, महाराज मंत्र म्हणतील, तेव्हा ठेवायची आहे."

"कुणाच्या शेजारी?"

"घरच्यांच्या."

"म्हणजे त्या म्हातारीच्या."

"सासूबाई त्या टोकाला आहेत. मधली जागा मी माझ्यासाठी सोडून ठेवली आहे."

दुसरा दिवस असता तर मी हसले असते. ती हसत नव्हती. ती खरोखरच म्हातारी आणि पोरगी यांच्या मधे आडवी पडणार होती.

मला त्याचाही राग आला. राग कशाचा आला ते आता नीट सांगता येत नाही. मी म्हटलं, माझ्या मुलीचं काय करायचं ते तू कोण ठरवणार? मला एका शब्दानं विचारलंस का?

शिगेनो माझ्याकडे बघतच राहिली. मी तिला चापट मारल्यासारखी.

"विचारलं की," ती म्हणाली. "सहा महिने विचारत होते. तो फलक दुसऱ्या कुणासाठी होता? मोठ्या दगडाचं सांगायला मी होतेच ना इथे. देवळाची माणसं फलक ओळीच्या तोंडाशी लावणार होती, मी थोरल्या महाराजांच्या पाया पडून किनूजवळ रोवायला लावला. तुम्ही जुलैत येता म्हणून. तुमचा पत्ता या घरात कुणी ठेवला नव्हता, दुसरं काय करणार?"

मी जुलैत येते हे हिला कसं माहीत? तर म्हणाली, तुमची फुलं दिसायची. तुम्ही दुपारच्या बसनं येता, म्हणून मी सकाळीच जाऊन यायची, समोरासमोर नको. बादली भरून ठेवायची. ती बादली. इतकी वर्षं मी त्या कबरीशी भरलेली बादली पाहिली आहे. मला वाटायचं, पावसाचं पाणी.

"मग सप्टेंबरात गेले," ती म्हणाली, "तर फलक पुसून लख्ख केलेला, आणि तिच्या दगडाला बांधलेला. दोन गाठी मारून. बंदावर गरम झऱ्याच्या कुठल्याशा खानावळीचं नाव छापलेलं होतं, तिकडच्या बसनं तुम्हीच येता, म्हणून कळलं. मला वाटलं हे तुमचं उत्तर. वाचलंत, आणि तिला या घराशी बांधून गेलात. त्या दिवशी मी घरी आले आणि..." ती मान खाली घालून एप्रनवरचं पीठ झटकत बसली.

माझ्याच कमरेला काय लिहिलेलं होतं ते मला माहीत नव्हतं.

बाहेर रांगेतले लोक बोलत होते. कुणीतरी हाक मारली, शिगेनो-सान, बारा डबे. ती उठली नाही. तिनं मला विचारलं, "उत्तरच होतं ना ते?"

आणि मी हो म्हटलं.

हो, वाचला होता, म्हटलं. वाचूनच बांधला. मग उठले आणि निघाले. चपला उलट्या पायांत घातल्या, तशीच खंदकाच्या पुलापर्यंत आले.

२१ मार्च, शनिवार

झोप नाही. मी माझ्या तोंडानं माझी पोर देऊन आले. तीही कशापायी, तर मला वाचता येत नाही हे म्हणायला लागू नये म्हणून.

सकाळी सेकीताईला सांगितलं, सगळं, फलकासकट. तिनं निवडणं थांबवलं नाही. म्हणाली, "मग जा आणि सांग तिला. वाचता येत नाही म्हणून सांग. काय जातं तुझं?"

जातं. ताईला माहीत आहे काय जातं, तिला फक्त माझ्याकडून वदवून घ्यायचं असतं. किनू गेली त्या जुलैत तिला हगवण लागली, ताप चढला, डॉक्टर पुड्या देऊन गेला. पुडीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, आकडेही मला तेव्हा येत नव्हते. मी कुणाला विचारलं नाही. सासू तेव्हा तशीही म्हणायची, हिला गाढवासारखी ओझी वाहता येतात तेवढं बरं. तर मी दिवसातून तीनदा द्यायच्या त्या पुड्या दोनदा दिल्या. दोन दिवसांत ती गेली. डॉक्टर म्हणाला, तीनदा दिल्या असत्या तरी गेली असती, त्या वर्षी गल्लीतली चार पोरं गेली. पण सातव्या दिवशी सासूनं सगळ्यांसमोर ती पुडी माझ्यापुढे धरली आणि म्हणाली, वाच. नुसतं एवढंच. वाच. मी उभी राहिले. नवरा जमिनीकडे बघत होता. त्यानंतर मला घालवायला आणखी कारण लागलं नाही.

तेव्हापासून कुणी कागद पुढे केला की मी मान हलवते. बसच्या पाटीला, खानावळीच्या सूचनेला, फलकाला.

ताईनं चाळणी बाजूला ठेवली. मग म्हणाली, आणि समजा ती म्हणाली घेऊन जा, तर ठेवशील कुठे? एका खोलीत तुम्ही चौघी झोपता. लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवणार का पोरीला? याचा मी विचारच केला नव्हता. चार दिवस भांडते आहे आणि हा विचार केला नव्हता. ताई म्हणाली, काहीजण अस्थी वाटून घेतात, थोड्या एका ठिकाणी, थोड्या दुसऱ्या. मी म्हटलं, पाच वर्षांची होती, ताई, तिची कसली वाटणी.

दाजी ऐकत होता, तो सहसा बोलत नाही. म्हणाला, तुला नक्की काय हवंय ते तरी ठरव, मेव्हणी. माझी होडी वाट बघत नाही.

ठरवलं. तासभर बसून चिठ्ठी लिहिली आहे. दाजी दुपारी तिसऱ्या द्यायला त्या बाजूला जातो, त्याच्या हाती पाठवते. पाठवण्याआधी इथे उतरवून ठेवते, म्हणजे मी असं म्हटलंच नव्हतं असं उद्या मलाच वाटायला नको.

शिगेनो,

काल मी खोटं बोलले. फलक मी वाचला नव्हता. मला मोठी अक्षरं येत नाहीत. देणगीदारांची नावं असतील असं समजले. पडू नये म्हणून बांधला. ते उत्तर नव्हतं. तू मला विचारलंस हे मला कालच कळलं, तेव्हा उत्तर आज देते.

ती म्हातारी जिथे आहे तिथे किनूला ठेवायला माझी हरकत आहे. पण माझ्याकडे जागा नाही. आणि हिवाळाभर तू तिला वाऱ्यात ठेवली नाहीस. म्हणून ठेव. मधली जागा सोडली आहेस ती तशीच असू दे, तिथे दुसऱ्या कुणाला येऊ देऊ नकोस.

लाळेरं तू शिवायचीस हे मला माहीत नव्हतं. पोराबद्दल काल जे बोलले ते परत घेते. बाकीचं घेत नाही.

पण टेकडीवर तिला मी नेणार. महाराज नाही, तू नाही, मी. ती गेली तेव्हा त्या घरातून तिला बाहेर काढलं तर मला स्वयंपाकघरात बसवून ठेवलं होतं, हात लावू दिला नव्हता. तू तिच्या नावाची पट्टी घे. पुढे चाल नाहीतर मागे चाल, मला चालेल. तिला पायऱ्या आवडायच्या नाहीत हे तुला माहीत नसणार. किल्ल्यावर नेलं की दहाव्या पायरीला थांबायची आणि दोन्ही हात वर करायची, मग वरपर्यंत कडेवर. टेकडीला किती पायऱ्या आहेत ते दाजीकडे सांगून पाठव.

तेवीस तारीख परवा आहे. मला उत्तर उद्या हवं, रविवारी, बावीस तारखेला, दिवे लागायच्या आत. सेकीताईचं घर तळ्याच्या काठचं शेवटचं, अंगणात टरफलांचा ढीग आहे. चिठ्ठी पाठवू नकोस. स्वतः ये आणि तोंडानं सांग, हो की नाही.

इसोयो